शिवणपट्टा, मसुदा तिसरा: एका क्रियापदावर उभी उत्पत्तिकथा

डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर तोंडी खेळायच्या भूमिका-खेळासाठी रचलेल्या शिवणपट्टा या होमब्रू (घरी बनवलेल्या) जगाची उत्पत्तिकथा आता 118 शब्दांवर आली आहे. पहिला मसुदा सुमारे 1400 शब्दांचा होता, दुसरा 420चा. कात्री लांबीसाठी लावलेली नाही. प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारला: याच्यामुळे टेबलावर बसलेल्या कुणाला काही करता येतं का, किंवा काही करायची मनाई होते का? ज्यातून एखादी शपथ, निषेध, सण, जागा किंवा हातात धरता येईल अशी वस्तू, यांतलं काहीच निघालं नाही, ते वाक्य बाद. नऊ देवतांची अख्खी वंशावळ या चाळणीतून गळून गेली. पांढरी, धुनी आणि वाकळ या तीन उरल्या, आणि तीन पुरतात.

सुरुवात नकाशापासून केली, आणि नकाशा घेतला पायाखालचाच. नागपूर दख्खनच्या बेसॉल्टच्या पूर्व कडेवर बसलं आहे. पश्चिमेला सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा दगड आणि त्याची काळी माती, पूर्वेला त्याहून कितीतरी जुने, फिकट, दाणेदार नाइस खडक, आणि कामठी-उमरेडच्या अंगाला जमिनीखाली कोळसा धरून असलेले गोंडवानाचे थर. एकीकडे कापूस आणि संत्री, दुसरीकडे भंडाऱ्याच्या बाजूला तलाव आणि धान. या तीन गोष्टी एका कागदावर शेजारी मांडल्या की, गावातल्या पोराला पडेल तो प्रश्न आपोआप उभा राहतो: इकडची जमीन काळी आणि तिकडची पांढरी का? उत्पत्तिकथा अशा डोळ्यांना दिसणाऱ्या प्रश्नाचं उत्तर असली की टिकते. कथा आधी लिहिली आणि नकाशा नंतर काढला, की डोंगर-नद्या कथेच्या सोयीनं वाकवाव्या लागतात आणि ती ओढाताण लपत नाही. दुसऱ्या मसुद्यात पाण्याच्या तळातून माती वर आणणारं कासव होतं. शिवणपट्ट्यात समुद्रच नाही. कासव गेलं.

या कासवाच्या निमित्तानं एक गोष्ट सांगायला हवी. पाण्याखालून माती आणण्याची कल्पना आपल्या भागात फार जुनी आहे. मध्य भारतातल्या गोंड-बैगा कथांत कावळा, खेकडा आणि गांडूळ त्या मातीच्या शोधात येतात. पृथ्वी वर काढणारा वराह त्याच कुळातला, आणि त्याची वाकाटककालीन मूर्ती रामटेकच्या गडावर आहे. हे सगळं वाचावं, ऐकावं, त्याची बांधणी कशी आहे ते समजून घ्यावं. पण नावं आणि प्रसंग उचलून आणू नयेत. गोंडांच्या पारी कुपार लिंगोची कथा ही कचारगडला माघ पौर्णिमेला चालत जाणाऱ्या माणसांची श्रद्धा आहे. तिला हिट पॉइंट (खेळातल्या पात्राच्या जिवाचे गुण) लावायचे नसतात.

आता कथेचा सांगाडा. पांढरी आधीपासून होती. तिच्या पोटात धुनी पेटली. वाकळ आली आणि तिनं आपलं काळं अंग पांढरीवर पांघरलं. वाकळीची कड जिथं संपली तिथं शिवण पडली. शिवणीच्या भोकांतून माणसं वर आली.

ही झाली पश्चिमेकडची कथा. पूर्वेकडे हीच कथा शब्दशः सांगतात, फक्त 'पांघरलं'च्या जागी 'लादलं' म्हणतात. खाणीत काम करणारे म्हणतात 'सांडलं'. बाकी एकही शब्द बदलायचा नाही, हा नियम स्वतःला घालून घेतला. आधी तिन्ही पंथांच्या तीन वेगळ्या कथा लिहिल्या होत्या. प्लेयरांना त्या तीन वेगळ्या धर्मांच्या वाटतात आणि ते पहिली लक्षात ठेवून बाकीच्या सोडून देतात. एकच कथा असली आणि मधलं एक क्रियापद बदललं, की फरक कानाला टोचतो.

क्रियापदातून निघणारे रीतिरिवाज हा या मसुद्याचा सगळ्यात कसदार भाग आहे. 'पांघरलं' म्हणणाऱ्यांकडे बाळावर, पाहुण्यावर आणि प्रेतावर काळं कापड घालतात. जमीन खणायची तर आधी विचारावं लागतं, कारण ते पांघरूण ओढण्यासारखं आहे. 'लादलं' म्हणणारे खांद्यावर काळं कधीच घेत नाहीत, आणि त्यांची शपथ खांदा झटकून पुरी होते. 'सांडलं'वाल्यांचा न्याय मला सर्वांत जास्त आवडतो. जगाचा जन्मच अपघातानं झाला, त्यामुळे त्यांच्या पंचायतीत हेतू विचारत नाहीत. ज्याच्या हातून सांडलं त्यानं भरायचं, बस. एखाद्या पार्टीनं (प्लेयरांच्या पात्रांच्या टोळीनं) चुकून गोदाम जाळलं, तर पश्चिमेकडे माफी मिळते, पूर्वेकडे वैर मिळतं आणि खाणवस्तीत बिल मिळतं. एका शब्दातून तीन वेगळी सेशनं निघतात.

रीत आधी असते आणि तिची कारणं मागून अनेक जमतात, हे पाहायला नागपूरकरांना लांब जावं लागत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत (मोठे पुतळे) निघते, 'इडा पिडा घेऊन जाय गे मारबत' असं सगळा रस्ता ओरडतो. काळी मारबत का, याचं कारण मात्र कुणी भोसल्यांच्या बाकाबाईशी जोडतं, कुणी पूतनेशी. मिरवणूक दोघांची एकच. शिवणपट्ट्यातला 'उसवण' हा सण याच धर्तीवर केला: तिन्ही पंथ एकाच दिवशी जुनी वाकळ चौकात उसवतात, आणि का उसवतात याची तीन कारणं देतात. सणासाठी तीन ओळी पुरल्या: काय करतात, काय ओरडतात, त्या दिवशी काय विकत मिळत नाही. तिसरी ओळ सोडू नका. सुई-दोरा त्या दिवशी मिळत नाही म्हटल्यावर प्लेयरांना सण लगेच कळतो.

नावांची परीक्षा कूलर पूर्ण वेगावर ठेवून घ्यायची. मे महिन्यात सेशन कूलरसमोरच होतं, आणि त्या घरघरीत पहिली नावं, पांढराई आणि वाकळाई, अजिबात वेगळी ऐकू येत नव्हती. दोन्हींचा शेवट सारखा, आणि र-ळ हा फरक आवाजात बुडतो. आता सुरुवातीचं अक्षर वेगळं आणि शेवटही शक्यतो वेगळा ठेवला आहे. तत्सम नावांचा मोहही टाळा. तेजोमयी, तमोमयी, ज्योतिर्मयी एका पानावर शोभतात, तोंडी खेळात एक होतात.

खरं काय घडलं, हे डीएमनं (खेळ चालवणाऱ्यानं) ठरवावं की नाही? खेळाच्या पाचव्या आवृत्तीत याला मुदत आहे. क्लेरिक (देवतेचा पुजारी असलेलं पात्र) नवव्या लेव्हलला पोचला की त्याला पाचव्या लेव्हलचा कम्यून स्पेल (मंत्र) मिळतो, आणि तो देवतेला हो-नाहीचे तीन प्रश्न विचारू शकतो. 'वाकळीनं मुद्दाम केलं का?' हा प्रश्न येणारच. उत्तर तयार नसेल तर डीएम तिथल्या तिथे काहीतरी बोलून बसतो आणि तीनपैकी दोन पंथ कायमचे खोटे ठरतात. सुटका स्पेलच्या मजकुरातच आहे: देवता सर्वज्ञ असतेच असं नाही, आणि तिच्या माहितीपलीकडचं असेल तर 'अस्पष्ट' असं उत्तर देता येतं. ऋग्वेदातलं नासदीय सूक्त (10.129) सात ऋचांत हेच करतं. देव सृष्टीच्या नंतरचे, मग ती कुठून झाली हे कोणाला ठाऊक, असं ते म्हणतं आणि शेवट प्रश्नावर ठेवतं. आपल्याकडे प्रार्थना ऐकणारी शक्ती हे सगळं घडून गेल्यानंतर जन्मली, असं एका चिठ्ठीवर दोन ओळींत लिहून ठेवलं आहे. म्हणजे ती प्रामाणिकपणे 'अस्पष्ट' म्हणते. हे उत्तर टाळाटाळ वाटू नये म्हणून तिच्या उशिरा जन्माचा पुरावा खाणीतल्या एका भिंतीवर आधीच ठेवावा लागतो. चौथ्या-पाचव्या लेव्हलला तो दिसला पाहिजे.

रिलिजन चेकचं, म्हणजे पात्राला धर्माची किती माहिती आहे ते फाशानं ठरवण्याचं, सोपं आहे. डीसी (गाठायचा आकडा) 10 ला आपल्या गावची कथा, 15 ला शेजारच्यांची, 20 ला क्रियापदातला फरक आणि त्याचा अर्थ. रोल फसला तर खोटी माहिती द्यायची नाही, आपल्याच गावची कथा ठामपणे द्यायची. बहुतेक माणसं अशीच चुकतात.

कापडी नकाशावर मात्र बराच वेळ गेला. 60 सेंटीमीटर लांब काळं सुती कापड आणि तेवढाच मांजरपाट, दोन्हींची कड 2 सेंटीमीटर एकावर एक. काळं कापड दोनदा धुऊन घ्या, नाहीतर रंग मांजरपाटावर उतरतो. मांजरपाटाला दाट खळ देऊन इस्त्री केल्याशिवाय मार्कर चालवू नका, शाई फुटते. काळ्या बाजूला शिंप्याचा खडू दोन सेशनांत पुसला जातो, पांढरा फॅब्रिक रंग टिकतो. जोडावर 5 सेंटीमीटरच्या अंतरानं 12 टाके. नियम असा की एखाद्या पंथाचा निषेध जाणूनबुजून मोडला तर एक टाका कापायचा. पहिल्यांदा साधा धावदोरा घातला होता. एक टाका कापला की शेजारचे दोन सैल होऊन सरकतात आणि मोजणीच बिघडते. म्हणून गोधडीच्या जाड दोऱ्यानं प्रत्येक टाका स्वतंत्र, खाली दुहेरी गाठ, टोक एक सेंटीमीटर बाहेर.

पाच सेशनांत चार टाके गेले आहेत. या वेगानं पंधराव्या सेशनला नकाशा उसवेल, कॅम्पेन (सलग चालणारा खेळ) वीस सेशनांचं आहे. तोडगा म्हणून तांबड्या दोऱ्याचा टाका ठेवला: मोठी किंमत देऊन एक जागा पुन्हा शिवता येते, पण तांबडा टाका तुटला की ती जागा कायमची गेली. इथे एक अडचण वर आली, आणि ती नियमातली नाही, कथेतली आहे. 'लादलं' म्हणणाऱ्यांच्या दृष्टीनं टाका तुटणं हे नुकसान नाहीच, ती सुटका आहे. त्यांच्या क्लेरिकनं तांबडा दोरा हातात का घ्यावा? सहाव्या सेशनला हा निर्णय डीएमकडे न ठेवता कात्री त्या प्लेयरसमोर ठेवायची आहे, आणि दोरा पश्चिमेकडच्या प्लेयरसमोर.