थांबलेल्या गाडीवरचा वारा

मोटारसायकल माणसाच्या अंगाला बसवून देणं हे आमचं काम. हँडल, फुटरेस्ट, सीट, लिव्हर आणि सस्पेन्शन यांची मापं चालवणाऱ्याच्या मापांशी जुळवायची. बहुतेक दिवस सारखेच जातात. त्या दिवशी मात्र एकाच सकाळी दोन गाड्या आल्या आणि दोन्ही मालकांच्या तक्रारी उलट्यापालट्या वाटाव्यात अशा होत्या.

पहिली क्रूझर. सीट जमिनीपासून ६९० मिमी, फुटरेस्ट पार पुढे, हँडल उंच आणि मागे वळलेलं. मालकांची उंची १७८ सेमी, वजन ७६ किलो. महामार्गावर ७०-८० किलोमीटर झाले की माकडहाड ठणकायला लागतं, दोन्ही फऱ्यांच्या, म्हणजे खांद्यामागच्या पसरट हाडांच्या, मध्ये जळजळ होते, पुढचा प्रवास दर अर्ध्या तासाला थांबत. त्यांना जेलची सीट हवी होती. दुसरी स्पोर्ट बाईक. हँडलचे दोन तुकडे थेट फोर्कला, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांना, जोडलेले, फुटरेस्ट मागे आणि वर. तिचे मालक दिवसात चारशे किलोमीटर करत. पाठीला काही नाही, पण मनगटं सुजत. त्यांना हँडल शक्य तितकं वर घ्यायचं होतं.

क्रूझरच्या मालकांना स्टँडवर सरळ उभ्या केलेल्या गाडीवर वीस मिनिटं बसवलं. काहीच दुखेना. ते म्हणाले, "शोरूममध्येही अशीच आरामखुर्ची वाटली होती." ही तक्रार आम्ही खूपदा ऐकतो, आणि तिचं कारण साधं आहे: थांबलेल्या गाडीवर वारा नसतो.

म्हणून वारा आणला. छातीभोवती रुंद पट्टा, पाठीमागे त्याला दोरी, दोरीच्या मध्ये सामान तोलायचा ताणकाटा, आणि दुसरं टोक मागच्या खांबाला, छातीच्या मधल्या हाडाच्या उंचीवर. किती ओढायचं ते गणिताने ठरवता येतं. हवेचा रेटा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. विंडशील्ड नसलेल्या, सरळ बसलेल्या माणसाची छाती, खांदे आणि हेल्मेट मिळून वाऱ्याला अडणारं क्षेत्र ०.३५ चौरस मीटर धरलं, तर ताशी ८० किलोमीटरला मागे लोटणारा जोर साधारण १० किलो येतो, १०० ला १६ आणि १२० ला २३-२४ किलो. ८० वरून १२० वर गेलं की वेग दीडपट होतो, ओढ सव्वादोनपट. हे आकडे माणसागणिक आणि कपड्यांगणिक हलतात. सैल, फडफडणारं जॅकेट ते सहज वाढवतं.

काटा १६ किलोवर आणला. सहाव्या मिनिटाला ते म्हणाले, "हीच जागा. अगदी हीच." बोट माकडहाडावर होतं. फऱ्यांमधली जळजळ त्यानंतर लगेच सुरू झाली. गाडी एक इंचही हलली नव्हती.

काय होत होतं ते बाजूने बघताना स्पष्ट दिसत होतं. पाय पुढे पसरलेले असले की मांडीच्या मागचे स्नायू ताणले जातात आणि ते ओटीपोटाचं हाड मागे फिरवतात. कमरेचा नैसर्गिक बाक नाहीसा होतो, पाठीची कमान होते आणि वजन बैठकीच्या दोन हाडांवरून सरकून माकडहाडाकडे येतं. धड आधीच दहाएक अंश मागे रेललेलं, त्यात वारा छातीला मागे ढकलतो. हा सगळा भार रोखायला उरतात ते हात. त्यांची हँडलवरची ओढ १०० च्या वेगाला छातीवरच्या ओढीइतकीच, कधी थोडी जास्तही असते. फऱ्यांमधली जळजळ ही त्या न थांबणाऱ्या ओढीची. शिवाय या सीटचा मागचा काठ उंच उचललेला होता. वाऱ्याने माणूस मागे सरकला की तो काठ बरोबर माकडहाडावर टेकायचा. जेल टाकून हे काहीच बदललं नसतं.

पायांवर किती वजन येतं तेही मोजलं. फुटरेस्टच्या जागी, त्याच उंचीला, ठोकळ्यांवर दोन वजनकाटे ठेवले. क्रूझरवर दोन्ही पाय मिळून ७ किलो. शेजारी एक ॲडव्हेंचर बाईक, म्हणजे खडबडीत रस्त्यांसाठीची उंच गाडी, उभी होती, तिच्यावर त्यांनाच बसवलं तेव्हा १९ किलो. तिच्यावर १६ किलोची दोरी लावली, तर न सांगता ते थोडे पुढे झुकले आणि पायांनी दाब दिला. पंधरा मिनिटांनी दंड भरून आले, पण माकडहाड गप्प. पाय खुब्याच्या जवळपास खाली असले तर माणूस ओटीपोट पुढे कलवू शकतो, खड्डा दिसला की सीटवरून अर्धा उठू शकतो. पाय पुढे असलेल्या गाडीवर उठताच येत नाही. खड्ड्याचा प्रत्येक धक्का थेट कण्यात जातो.

आता स्पोर्ट बाईकची पाळी. तिच्या मालकांचं धड उभ्या रेषेपासून ३० अंश पुढे. पाठ सैल सोडायला सांगितली आणि दोरी हळूहळू ताणत नेली. काटा १९ च्या आसपास आला तेव्हा तळवे ग्रिपवरून आपोआप हलके झाले. म्हणजे वाऱ्याने तेवढा रेटा दिला की छाती हवेवर तरंगते आणि मनगटं मोकळी होतात. उघड्या छातीला तो रेटा ११० च्या आसपास मिळतो. पण या गाडीच्या पुढचं आवरण छातीचा खालचा भाग झाकतं, त्यामुळे प्रत्यक्षात १२० च्याही पुढे जावं लागेल. आम्ही विचारलं, तुम्ही महामार्गावर किती वेग धरता? ते म्हणाले, नव्वद. सगळा उलगडा त्या एका उत्तरात होता. गाडीची बैठक जलद वेगासाठी आखलेली, आणि तिच्यावरचा माणूस ९० ने जाणारा. उरलेलं वजन तासन्‌तास मनगटांवर.

माझ्या मते लांबच्या प्रवासाला कोणती गाडी आरामाची, या प्रश्नाआधी हा प्रश्न विचारायला हवा: कोणत्या वेगाला? विंडशील्ड नसेल तर ८० च्या आसपास साधारण २० अंश पुढे झुकलेलं धड वारा आणि गुरुत्व यांच्यामध्ये तोललं जातं, शंभरला २५ अंशांच्या थोडं पुढे. म्हणून साधी नेकेड (पुढे आवरण नसलेली) गाडी, जिचं हँडल फार उंच नाही आणि फुटरेस्ट किंचित मागे आहेत, ती ८०-९० पर्यंत मनापासून सुखाची वाटते आणि ११० नंतर मान खेचायला लागते. स्पोर्ट-टूरर या जातीचा सगळा अर्थच या तोलात आहे: थोडा झुकाव आणि पुढे नीट घडवलेलं आवरण. बीएमडब्ल्यूने १९७६ मध्ये आणलेल्या आर १०० आरएसचं आवरण पिनिनफारिना या इटालियन डिझाइन कंपनीच्या वातबोगद्यात घडवलं होतं. चालवणाऱ्याला वाऱ्यातून सोडवणं हे अभियांत्रिकीचं काम आहे हे तेव्हाच मान्य झालं होतं.

क्रूझरच्या मालकांनी मग विचारलंच, ॲडव्हेंचर घेऊ का? त्या गाड्यांचे गुण खरे आहेत. सस्पेन्शनचा प्रवास, म्हणजे चाकाला वरखाली व्हायला मिळणारं अंतर, मोठा असतो, बीएमडब्ल्यू आर १२५० जीएसचा पुढे १९० आणि मागे २०० मिमी. गुडघा मोकळा राहतो, उभं राहून चालवता येतं. पण सीट ८५० मिमीच्या घरात, त्यामुळे आखूड पायाच्या माणसाला प्रत्येक थांब्यावर धास्ती. उंच गाडी आडव्या वाऱ्यात जास्त ढकलली जाते. आणि उंच माणसाचं हेल्मेट बरेचदा विंडशील्डवरून सुटलेल्या खळबळत्या हवेत येतं. शिवाय त्यांचा जीव या क्रूझरवर होता. आवडती गाडी आधी नीट बसवून बघावी, मग विकायचा विचार.

काम असं केलं. प्रथम मागचं सस्पेन्शन. चाक हवेत असताना चाकाच्या आसापासून सीटखालच्या खुणेपर्यंत ५१२ मिमी. मालक पूर्ण पोशाखात बसल्यावर ४६४. म्हणजे ४८ मिमी दबलं, आणि एकूण प्रवास फक्त ८०. निम्म्याहून जास्त आधीच संपलेला. मोठ्या खड्ड्यात शॉक ॲबसॉर्बर तळाला टेकत होता. प्रवासाच्या साधारण एक तृतीयांश दबलं तर ठीक. प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला ताण, वाढवत हे दबणं २७ मिमीवर आणलं. क्रूझरचं सीट मऊ असूनही कंबर का हादरते, याचं निम्मं उत्तर इथे मिळतं.

मग फुटरेस्ट. गाडीच्या निर्मात्याचाच मधल्या जागेचा संच होता, त्याने पाय २८० मिमी मागे आले. गिअरचा दांडा आणि मागच्या ब्रेकचा दुवा नव्याने जुळवावा लागतो. ब्रेक पेडलला मोकळी हालचाल ठेवलीच पाहिजे, नाहीतर ब्रेक घासत राहतो आणि तापतो. ब्रेकच्या दिव्याचा स्विचही पुन्हा लावायचा, हे बऱ्याच ठिकाणी विसरलं जातं. इथे एक अडचण आली. सीट इतकी खाली आणि पाय मागे, तर गुडघ्याचा कोन ८५ अंशांवर आला. ९० च्या खाली गेला की तासाभरात गुडघा बोलतो. म्हणून सीट ३० मिमी उंच केली. जुना फोम इतका मऊ होता की त्यांच्या वजनाने ६० मिमीचा १५ मिमी होई आणि हाडं खालच्या प्लेटवर टेकत. मऊ फोम पहिली दहा मिनिटं सुखावतो, नंतर फसवतो. घट्ट फोम घेतला, बसायची जागा सपाट आणि मागे २८० मिमी रुंद ठेवली, पुढे मांड्यांसाठी अरुंद. मागचा उचललेला काठ कापला, माकडहाडाच्या रेषेत २० मिमी खोल खाच ठेवली आणि टेकू वर, कमरपट्ट्याच्या उंचीला नेला.

हँडल मागे आणताना आम्ही ५० मिमी ठरवलं होतं. बसवून दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहिलं, तर उजवीकडे क्लचची वायर ताणली गेली आणि डावीकडे इंजिनाचे फेरे आपोआप वाढले. ब्रेकच्या तेलाची नळीही ताणून कडक झाली. असं हँडल घेऊन रस्त्यावर जाणं म्हणजे वळणावर स्वतःहून वेग घेणारी गाडी घेऊन जाणं. ३० मिमीवर थांबलो, वायरी नव्या मार्गाने नेल्या, पुन्हा दोन्ही बाजू तपासल्या, मगच बोल्ट गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कने आवळले.

शेवटी विंडशील्ड, आणि पहिल्या प्रयत्नात ते चुकलं. चाचणीहून परतल्यावर मालक म्हणाले, छाती शांत आहे पण शंभरला हेल्मेट इतकं थरथरतं की आरसा दिसत नाही. काठावर आणि फोर्कजवळ लोकरीचे धागे चिकटवले, आणि आमच्यातल्या एकाने शेजारून दुसऱ्या गाडीवर मागे बसून पाहिलं. वरच्या काठावरून सुटलेली हवा गोल फिरून बरोबर हनुवटीवर आदळत होती, आणि फोर्कजवळचे धागे खालून वर उडत होते. विंडशील्डच्या मागे दाब कमी असतो, ती पोकळी खालून हवा ओढते. उपाय: काच ३० मिमी खाली, पाच-सहा अंश मागे कललेली, खालच्या काठाशी २५ मिमी फट म्हणजे मागे थोडी हवा रीतसर भरते, आणि फोर्कच्या दोन्ही बाजूंना छोटे अडसर. वरचा काठ नाकाच्या शेंड्याच्या उंचीला आला. काचेच्या वरून रस्ता दिसायलाच हवा. रात्रीच्या पावसात ओरखडलेल्या काचेतून बघणं, याइतका मोठा धोका दुसरा नाही.

कानातले बोळे वापरायलाही सांगितले. शंभरच्या वेगाला हेल्मेटच्या आतला वाऱ्याचा आवाज १०० डेसिबलच्या आसपास असतो, आणि त्या आवाजाने येणारा थकवा लोक पाठीच्या खात्यात मांडतात.

स्पोर्ट बाईकचं हँडल आम्ही ४० मिमी वर आणि २० मिमी मागे घेतलं, त्यांना हवं होतं त्यापेक्षा कमी. धड २४ अंशांवर आलं, तळवे १५ किलोच्या ओढीला हलके झाले. अजून वर घेतलं असतं तर ९० ला बरं, पण त्यापुढे वारा छातीला मागे रेटू लागला असता. उरलेलं वजन मांड्यांनी टाकी धरून पेलायचं होतं; त्यासाठी टाकीच्या दोन्ही बाजूंना खरखरीत रबराचे तुकडे लावले. पुढे घसरू देणारी सीटही मागच्या बोल्टखालच्या चकत्या काढून थोडी सपाट केली.

क्रूझर तीन आठवड्यांनी परत आली. दोन तास सलग, माकडहाड ठीक, फऱ्यांमध्ये काही नाही. पण उजव्या हाताची करंगळी आणि अनामिका बधिर होत होती. या दोन बोटांना जाणारी नस तळव्याच्या करंगळीकडच्या उंचवट्यातून जाते. हँडल मागे आल्यावर त्याच्या टोकांचा कोन बदलला होता, आणि तळव्याचा तोच भाग ग्रिपवर दाबला जात होता. अंगठ्याकडची तीन बोटं बधिर झाली असती तर मुडपलेलं मनगट किंवा आवळलेली पकड शोधली असती. हँडल चार अंश खाली फिरवलं, ब्रेक लिव्हर कोपरापासून बोटांपर्यंत सरळ रेषेत आणला, वायरी पुन्हा दोन्ही बाजूंना तपासल्या. पंधरा मिनिटांचं काम होतं. दोरी तेव्हाही लावली, १६ किलोवर, आणि अर्धा तास त्यांना बसवून ठेवलं.