एका गोळीच्या अठ्ठावीस गोळ्या

आमच्या शाळेत जंताच्या गोळ्या वाटायचं काम माझ्याकडे आहे. २०१५ साली राष्ट्रीय जंतनाशक दिन सुरू झाला, तेव्हापासून फेब्रुवारी आणि ऑगस्ट, वर्षातून दोनदा. आशाताई गोळ्यांचा डबा घेऊन येतात, मी हजेरीपट घेऊन उभा राहतो. अल्बेंडाझोल, ४०० मिलिग्रॅम, पोराला एक. समोर चावून खायची, वरून पाणी. अंगणवाडीतल्या एक ते दोन वर्षांच्या बाळांना अर्धी, चुरून पाण्यातून. ताप असेल, आजारी असेल त्याला त्या दिवशी नाही. तो पुढच्या आठवड्यात, राहिलेल्यांच्या दिवशी. झोपेतून उठवून विचारलं तरी हे सगळं सांगेन. म्हणूनच हीच गोळी स्वतः घ्यायची वेळ आली तेव्हा मी जरा जास्तच शहाणपणा केला.

जून महिना. शाळा नुकतीच उघडलेली. सकाळी दाढी करताना डाव्या हाताचा अंगठा आपोआप उडायला लागला. आरशात बघत होतो, आधी गंमत वाटली. मग मनगट उडायला लागलं, मग कोपर. पुढचं मला आठवत नाही, बायको सांगते तेच खरं. आईने चप्पल हुंगवली, शेजारच्या काकूंनी कांदा फोडून आणला, चुलतभाऊ दात उघडायला चमचा घेऊन धावला. बायकोने त्याच्या हातातला चमचा हिसकावला आणि मला कुशीवर वळवलं. त्या सकाळी झालेली बरोबर गोष्ट एवढीच, असं नंतर डॉक्टर म्हणाल्या. तोपर्यंत माझी जीभ मीच चावून ठेवली होती.

सोलापूरला एमआरआय झाला. मेंदूच्या उजव्या बाजूला नऊ मिलिमीटरची बांगडी, बांगडीत एक ठिपका, भोवती सूज. रिपोर्ट हातात पडला तेव्हा मेंदूच्या डॉक्टरांची वेळ दोन दिवसांनी होती. मास्तराला दम निघतोय कुठला! रिपोर्टातला लांबलचक शब्द मोबाइलवर टाकला. पट्टकृमीची, म्हणजे पट्टीसारख्या चपट्या जंताची अळी. उपाय? अल्बेंडाझोल. मला हसूच आलं. आयुष्यभर वाटत आलो ती गोळी! मेडिकलमधून दहा-बारा रुपयांत आणली, पाण्याचा तांब्या घेऊन बसलो. बायको म्हणाली, "अहो, परवा जायचंच आहे ना? दोन दिवसांत काय अळी पळून जाते का?" हिच्याशी वाद नको म्हणून गोळी खिशात ठेवली. थोडक्यात वाचलो, हे तिसऱ्या दिवशी कळलं.

डॉक्टर मॅडमनी पडद्यावर ठिपका दाखवला. "हे डोकं. तुमचं नाही, अळीचं." डोकं दिसतंय म्हणजे ही अळीच, टीबीची गाठ नाही, हेही त्यांनी सांगितलं. मी खिशातली गोळी टेबलावर ठेवली. त्या गोळीकडे बघत राहिल्या, मग विचारलं, "खाल्ली नाहीत ना?"

ती अळी जिवंत असते, तोवर मेंदूला तिची फारशी खबर नसते. बोंब होते ती मरायला लागल्यावर. तिच्या आतलं बाहेर येतं, शरीर त्याच्यावर तुटून पडतं आणि सूज वाढते. माझी एकच होती, तीही आधीच मरणपंथाला लागलेली, आणि त्या सुजेनेच मला फिट आली होती. ज्यांच्या डोक्यात अशा पुष्कळ असतात त्यांनी आपल्या मनाने गोळ्या सुरू केल्या तर मेंदूच सुजून जिवावर बेतू शकतं. डोळ्यात एखादी लपलेली असली तर दृष्टी जाऊ शकते. म्हणून जंताचं औषध सगळ्यात शेवटी. आधी डोळे तपासा, रक्त आणि साखर बघा, छातीचा एक्स-रे काढा. मग सूज आवरायला स्टेरॉइड. फिटचं औषध तर पहिल्या दिवसापासूनच.

आमचे आप्पा बाजूला बसले होते. ते एवढंच म्हणाले, "डॉक्टर, आमच्या घरात तीन पिढ्या माळ हाय. मशीन चुकलं असंल." कारण ही अळी डुकराच्या मांसातल्या पट्टकृमीची, हे त्यांनी ऐकलं होतं. मॅडमनी आप्पांना न कंटाळता समजावलं. नीट न शिजलेलं मांस खाणाऱ्याच्या आतड्यात लांबलचक जंत वाढतो. त्याची अंडी त्या माणसाच्या शौचातून बाहेर पडतात. ती हाताला, पाण्याला, कच्च्या भाजीला लागून दुसऱ्याच्या पोटात गेली की त्या दुसऱ्याच्या मेंदूत अळी होते. मांस एकाने खाल्लं, अळी दुसऱ्याला. त्याने माळ घातलीय की नाही, हे अंडं बघत नाही. आप्पांना पटलं की नाही माहीत नाही, पण गावात "मास्तर बाहेर काय काय खातंय" ही कुजबूज पंधरा दिवस चालली. मी तिचा जास्त त्रास करून घेतला, आजाराचा कमी.

घरातल्या सगळ्यांची शौचाची तपासणीही झाली. जंत बाळगणारा घरातच असू शकतो म्हणून. आप्पांनी डबी कशी भरून दिली, ते मी लिहीत नाही. कोणाकडे काही निघालं नाही.

डोळ्यांत थेंब टाकून पडदा तपासला, तो साफ होता. मग दोन दिवस आधी स्टेरॉइड सुरू झालं, सकाळी नाश्त्यानंतर. आणि मग आमची जुनी ओळखीची गोळी. किलोमागे १५ मिलिग्रॅम. माझं वजन ५६, म्हणजे दिवसाला साधारण ८००. सकाळी एक, रात्री एक, चौदा दिवस. शाळेत एक, मला अठ्ठावीस.

आणखी एक गोष्ट शाळेपेक्षा उलटी निघाली. आतड्यातल्या जंतासाठी गोळी आतड्यात राहिली तरी काम होतं. मेंदूतल्या अळीसाठी ती रक्तात उतरायला हवी, आणि ती पाण्यापेक्षा तेला-तुपात विरघळते. उपाशीपोटी घेतली तर थोडीच अंगी लागते, स्निग्ध जेवणाबरोबर घेतली तर पाचपटीपर्यंत जास्त. तेव्हा सकाळी गरम भाकरीवर तूप, रात्री सायीचं दूध. तूप खा म्हणणारा डॉक्टर मला आयुष्यात पहिल्यांदा भेटला.

दुसऱ्या खेपेला मेडिकलवाल्याने वेगळीच पट्टी दिली. "गुरुजी, तेच आहे, अजून भारी आहे." पट्टी उलटी करून बारीक अक्षरं वाचली. अल्बेंडाझोलबरोबर आयव्हरमेक्टिन हे दुसरं जंताचं औषधही होतं. मी परत केली. जुळ्या औषधांची पट्टी सरसकट वाईट असते असं नाही, पण चिठ्ठीवर एक नाव आणि पट्टीवर दोन, हे हिशेबात बसत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी डोकं ठणकायला लागलं. ठणकणार, हे मॅडमनी आधीच सांगितलं होतं, म्हणून घाबरलो नाही, फक्त फोन केला. सोबत उलट्या, गुंगी, पुन्हा फिट असं काही आलं तर लगेच या, म्हणाल्या. आलं नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी उतरलं. स्टेरॉइडचा छळ वेगळा. भूक अशी की रात्री दोनला डबे हुडकायचो. झोप नाही. पहाटे तीनला सहावीच्या वह्या तपासून ठेवल्या, त्या आठवड्यात पोरांच्या शुद्धलेखनाचं काही खरं नव्हतं. डोकं ठणकायचं थांबल्यावर चुलतभाऊ म्हणाला, "बंद कर आता ते, लय वाईट असतं." मला मोह झालाच होता. पण स्टेरॉइड एकदम तोडायचं नसतं, डॉक्टर सांगतील तसं पायरीपायरीने उतरवायचं असतं. चौदा दिवसांनी रक्त तपासलं. पांढऱ्या पेशी ठीक, लिव्हरचा एक आकडा थोडा वर, तो पुढच्या तपासणीत खाली आला.

मोटारसायकल बंद. शाळा सात किलोमीटर. सहा महिने शिंदेबाईंच्या स्कूटीवर मागे बसून गेलो. पोरांनी त्यावरून जे हसायचं ते हसून घेतलं.

डिसेंबरातल्या एमआरआयमध्ये बांगडी नव्हती, सूज नव्हती. खडूच्या टोकाएवढा पांढरा ठिपका तेवढा राहिला. मी विचारलं, याला अजून एक कोर्स? मॅडम म्हणाल्या, "मेलेल्याला काय मारणार?" पण तो वाळलेला ठिपकाही कधी फिट आणू शकतो, म्हणून फिटचं औषध चालू. ते कधी थांबवायचं, हे मी ठरवायचं नाही.

फेब्रुवारीत पुन्हा गोळ्यांचा डबा आला. शाळेतली एक गोळी देऊ नका, असा कोणी माझ्या गोष्टीचा अर्थ काढू नये; मी स्वतः उभं राहून सगळ्या पोरांना चावायला लावली. फक्त आदल्या दिवशी पालकांना एक जास्तीचा प्रश्न विचारला: पोराला कधी फिट, झटका, आकडी येते का? चौथीतल्या एका मुलीची आजी म्हणाली, "येतात की, पण बाहेरचं हाय ते." मुलीला त्या दिवशी थांबवलं, बापाला बोलावून सोलापूरचा पत्ता लिहून दिला. आजी तिला आधी बाहेरचं बघणाऱ्याकडे घेऊन गेली, मग सोलापूरला. गेली, हे महत्त्वाचं.

"सर, तुम्ही नाही खात?" पहिलीतलं एक पोरगं गोळी गालात धरून विचारत होतं. आधी तू चावून गिळ, म्हटलं.

घरी आईने मात्र कोबी अजून आणू दिलेला नाही. शिजवल्यावर काही होत नाही, हे मी तिला दोनदा आणि मॅडमनी एकदा सांगितलंय.