ढकलण्याआधीचा विचार

“तुम्ही फिजिक्स शिकवता आणि मोकळ्या वेळात कॉम्प्युटर गेममधल्या बाहुल्याला जिन्यावरून ढकलता! त्यात एवढं डोकं लावण्यासारखं काय असतं?” हा प्रश्न मला पालकसभेतही विचारला जातो आणि घरी भाचाही विचारतो. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: डोकं लावायचं ते ढकलण्याआधी. एकदा ढकललं की खेळाडूच्या हातात काहीच उरत नाही, आणि मला या खेळाचं वेड आहे ते त्यामुळेच.

फिनलंडच्या येत्रो लाउहाने २००२ मध्ये ‘पोर्रासतुर्वात’ हा छोटा गेम केला. जगभर तो ‘स्टेअर डिसमाउंट’ म्हणून ओळखला जातो. जिन्याच्या टोकाशी एक डमी, म्हणजे माणसाच्या आकाराचा बाहुला, उभा. धक्का कुठे द्यायचा, कोणत्या दिशेने आणि किती जोराने, एवढंच आपण ठरवायचं. डमी जितका जास्त आपटेल तितके गुण जास्त. पुढे ट्रकचा गेम आला, मग ‘टर्बो डिसमाउंट’.

डमीचं पडणं आधी चितारून ठेवलेलं नसतं, ते त्या त्या क्षणी गणिताने ठरतं. याची एक सुंदर पद्धत डेन्मार्कच्या थॉमस याकोबसेनने ‘हिटमॅन’ या व्हिडिओ गेमसाठी वापरली आणि २००१ मध्ये सविस्तर मांडली. शरीर म्हणजे काही बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या काड्या. प्रत्येक बिंदूची आत्ताची आणि मागच्या क्षणाची जागा लक्षात ठेवायची. वेग त्या फरकातूनच मिळतो. मग काड्यांची लांबी बिघडली असेल तर बिंदू पुन्हा पुन्हा सरकवून ती दुरुस्त करायची. या गणिताचं मूळ फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ लू व्हर्ले यांच्या १९६७ च्या कामात सापडतं. त्यांनी आर्गॉनच्या ८६४ अणूंची हालचाल संगणकावर मांडली होती. अणूंसाठी वापरलेलं गणित खेळातला माणूस पाडायलाही चालतं, याचा मला आजही आनंद होतो.

आता डावपेच. नवखा खेळाडू छातीवर पूर्ण जोर लावतो. धक्का गुरुत्वमध्याच्या, म्हणजे शरीराचं वजन जिथे तोललं जातं त्या बिंदूच्या, जवळून गेला की डमी फारसा फिरत नाही; बऱ्याच पायऱ्या हवेतच ओलांडून खाली एकदाच आपटतो. धक्का गुरुत्वमध्यापासून लांब, म्हणजे डोक्याला किंवा खांद्याला तिरका बसला, तर तो गरगरतो आणि पायरी पायरीवर आदळत जातो. म्हणून मी जोर बेताचाच ठेवते.

गाडीच्या गेममध्ये, म्हणजे जिथे डमीला गाडीत बसवून ती आदळवायची असते तिथे, हिशेब वेगळा. वेग दुप्पट केला की ऊर्जा चौपट होते, हे सगळ्यांना पाठ असतं. पण भिंतीवर गाडी थांबते, डमी थांबत नाही. तो जडत्वाने त्याच वेगाने पुढे निघतो. म्हणून दुसरा अडथळा मांडताना गाडीचा विचार सोडून डमीचा करायचा. समजा वेग ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर, आणि डमी सव्वा मीटर उंचीवरून आडवा सुटला. अर्ध्या सेकंदात तो जमिनीला टेकणार, तोवर १० मीटर गेलेला असणार. अडथळा त्याच्या आत हवा. मी हे आकडे खरोखर कागदावर मांडते. अर्थात गेममधलं गुरुत्वाकर्षण पृथ्वीसारखंच असेल असं धरून चालायचं नाही. दोनचार वेळा पाडून अंदाज घ्यावा लागतो. आणि तिसऱ्या आपटीनंतर कुठलंही गणित चालत नाही, कारण सुरुवातीचा केसाएवढा फरक प्रत्येक टकरीत वाढत जातो. आखणी पहिल्या दोन टकरींचीच करायची.

हे बघणं क्रूर वाटत नाही का, असंही कोणी विचारतं. मला तर हा सीटबेल्टचा सगळ्यात स्पष्ट धडा वाटतो. ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या भारत एनकॅपमध्ये, म्हणजे गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या आपल्या योजनेत, समोरून धडकेची चाचणी ताशी ६४ किलोमीटरला होते. तिथले डमी पट्टा बांधून बसतात, आणि पट्टा व एअरबॅग त्यांना थांबायला थोडा जास्त वेळ देतात. तेवढ्याने बल कितीतरी कमी होतं. गेममधल्या डमीला तो जादा वेळ मिळतच नाही. वर्गात आधी मी डमीला काचेतून बाहेर फेकून दाखवते, आवेगाचं सूत्र (बल गुणिले वेळ) मग फळ्यावर लिहिते. मुलं सूत्रातल्या वेळावर स्वतःहून बोट ठेवतात.

तुम्हाला खेळून बघायचं असेल तर जिन्यापासून सुरुवात करा. जोर आणि दिशा तशीच ठेवून फक्त धक्क्याची जागा बदला: आधी कंबर, मग खांदा, मग डोकं. ट्रक त्यानंतर.