माईकसमोरची दहा वर्षं

उद्या मला निवेदिका होऊन दहा वर्षं पूर्ण होतात. माण तालुक्यातलं आमचं सामुदायिक रेडिओ केंद्र लहानसंच. आवाज जेमतेम दहा-पंधरा किलोमीटर जातो, मध्ये डोंगर आला की खरखरतो. २००६ साली सरकारनं असे परवाने स्वयंसेवी संस्थांनाही खुले केले, म्हणून माझ्यासारख्या बारावी झालेल्या सुनेच्या हाती माईक आला.

सगळ्यात जवळचं काम विचाराल तर जात्यावरच्या ओव्या. एका आजींना स्टुडिओत बोलावलं, पण ओवी काही येईना. त्या म्हणाल्या, "जातं न्हाई तर ववी कशी यील, बाय?" मग रेकॉर्डर घेऊन मीच त्यांच्या घरी गेले. खुंट्याला हात लागला आणि एकामागून एक सत्तावीस ओव्या आल्या. जात्याची घरघर मी काढली नाही, तशीच लावली. त्या संध्याकाळी फोन थांबेना. एक बाई नुसतीच रडत होती. तिची आईही हेच म्हणायची.

लेक झाल्यावर सहा महिने घरी होते. परतले तेव्हा सासूबाई रेडिओ लावून तिला निजवायच्या.

आबांनी दुष्काळात मुंबईला माथाडीकाम केलं, म्हातारपणी गावी आले. माझा एकही कार्यक्रम त्यांनी चुकवला नाही. गेल्या मार्गशीर्षात, म्हसवडच्या सिद्धनाथाचा रथ निघाला त्याच आठवड्यात ते गेले. त्यांच्या रेडिओचा काटा मी अजून हलवलेला नाही. उद्याची पहिली ओवी त्यांच्यासाठी लावणार आहे.