माशीच्या जागी पोपट

चार संध्याकाळ झाल्या, मी पाऊस गिरवतेय. म्हणजे जपानी चित्रकार हिरोशिगेचं १८५७ सालचं ते प्रसिद्ध प्रिंट, पुलावर एकदम सर आलीये आणि माणसं छत्रीबित्री सावरत वाकून पळतायत, ते. मला वाटलं पूल अवघड जाईल, माणसं तर जाणारच, पाऊस काय, पट्टी ठेवली की झाला! पट्टी ठेवली, रेघा ओढल्या, आणि वर्षअखेर उरलेली आखीव वही तयार झाली. पाऊस कुठेच नाही.

मग इमेज झूम करून बसले. तर रेघा एका तिरकेपणात नाहीतच, दोन वेगळ्या कोनांतून येतात आणि मध्येच एकमेकींना छेदतात, म्हणून ती सर हलल्यासारखी वाटते. आणि हे सगळं लाकडी ठशात कोरून छापलेलं, म्हणजे इतकी बारीक रेघ उभी ठेवायची आणि आजूबाजूचं लाकूड काढायचं. हे चित्र मी कितीतरी वेळा पाहिलंय बरं का, लाईकही केलंय, पण हे कधी दिसलं नव्हतं. पेन्सिल हातात घेतल्यावर डोळे उघडतात ते असे.

'कॉपी' म्हटलं की आपल्याला परीक्षेतली आठवते, म्हणून हे सांगायला जरा ओशाळल्यासारखं होतं. पण व्हॅन गॉगनेही १८८७ मध्ये हाच पाऊस ऑइलमध्ये उतरवला, रंग मूळ चित्रापेक्षा भडक केले आणि चहूबाजूंनी जपानी अक्षरांची चौकट काढली, जी त्याला वाचताही येत नव्हती! पुढे हॉस्पिटलात असताना तो मिले या फ्रेंच चित्रकाराची चित्रं करायचा, तीसुद्धा काळ्या-पांढऱ्या छापांवरून, म्हणजे रंग सगळे पदरचे. भावाला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की वादक नाही का बीथोवनची रचना वाजवताना स्वतःचं काही घालत, तसंच हे.

आणि चित्रकार रुबेन्स तर ग्रेटच. पन्नाशी ओलांडलेली, नाव झालेलं, तरी १६२८-२९ मध्ये माद्रिदला टिशन या आधीच्या इटालियन चित्रकाराच्या आदम-ईव्हची कॉपी करत बसला. आपल्याकडे माशीला माशी म्हणतात ना, याने जिथे माशीपण नव्हती तिथे झाडावर एक अख्खा लाल पोपट बसवून दिला :) दोन्ही चित्रं माद्रिदच्याच प्राडो म्युझियममध्ये आहेत, नेटवर शेजारी शेजारी ठेवून बघा, धमाल येते.

माझी ऐपत पोपटाची नाही. पण काल मोजलं तर माझ्या पुलावर एक माणूस जास्त भरतोय. कुठून आला कळत नाही, बहुतेक दोन छत्र्यांमध्ये जागा उरली म्हणून हात गेला असेल. खोडरबर घेतला होता हातात, पण एवढ्या पावसात त्याला हाकलायचं तरी कुठे?