कोजागिरी, आटीव दूध आणि बाईंची ‘ती’

कोजागिरी जवळ आली की मंडळाच्या ग्रुपवर पहिला मेसेज दुधाचा येतो, किती लिटर घ्यायचं, केशर कोण आणणार, आणि दुसरा माझा असतो, की यंदा बाई बोलणार आहेत ना. तीस-बत्तीस वर्षांत ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या आमच्या मंडळाची कोजागिरी मी दोनदाच चुकवली, एकदा धाकट्याच्या बाळंतपणात आणि एकदा सासूबाई दवाखान्यात होत्या तेव्हा, आणि दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी फोन करून एकच विचारलं, काल बाई काय बोलल्या.

दीपप्रज्वलन, अहवाल, वर्गणीची आठवण, दहावी-बारावीच्या मुलांना पेन, हे दरवर्षीचं, त्याचं काय लिहायचं. मग गाणी होतात. आमचं गाव गाण्याचं, त्यामुळे पेटीवर बसणाऱ्यांचा इथे कधी तोटा पडला नाही. भा. रा. तांब्यांचं ‘डोळे हे जुलमी गडे’ कुणी ना कुणी म्हणतंच आणि म्हणायलाच पाहिजे, तांबे आमचे आहेत, मुंगावलीला जन्मले, ग्वाल्हेरचे राजकवी झाले, १९४१ मध्ये गेले. त्यांचा वाढदिवसही २७ ऑक्टोबरचा, म्हणजे कोजागिरीच्या आगेमागेच.

आणि मग साधारण नऊच्या सुमारास बाई उठतात. बाई म्हणजे आमच्या शाळेतल्या मराठीच्या बाई, मला आठवी ते दहावी त्यांनीच शिकवलं. सुती साडी, खांद्यावर शाल, हातात खाकी कव्हर घातलेलं तांब्यांचं पुस्तक आणि त्यात खुणेसाठी कॅलेंडरच्या फाडलेल्या तारखा. काही कवितांच्या खाली रचनेचं गाव छापलंय, तिथे बोट ठेवून त्या पुस्तक पहिल्या रांगेसमोरून फिरवायच्या, “हे बघा, लष्कर-ग्वाल्हेर. इथे, आपल्या गावात बसून लिहिलंय.” दरवर्षी तेच बोट आणि तेच पान, पण मी दरवर्षी वाकून बघते.

त्यांचा विषयही एकच, कवितेतली ‘ती’. कवी प्रेमाबद्दल काय म्हणतो ते त्या पटकन उरकतात. चंद्रासारखं तोंड, हरणासारखे डोळे हे कुणाचंही वर्णन होईल गं, म्हणायच्या, ती स्वतः काही बोलते का ते शोधा. वर्गात आम्हाला हे कधी सांगितलं नव्हतं, तिथे अलंकार ओळखा, वृत्त ओळखा एवढंच चालायचं. कोजागिरीला मात्र बाई मोकळ्या व्हायच्या.

सुरुवात व्हायची हाल नावाच्या सातवाहन राजाच्या सातशे गाथांपासून, म्हणजे छोट्या छोट्या कवितांपासून. महाराष्ट्री प्राकृतातल्या या गाथांत बोलणाऱ्या बऱ्याचशा बायकाच आहेत. त्यातली एक बाईंची अगदी लाडकी. नवरा परगावी गेलाय आणि ही भिंतीवर दिवसांच्या रेघा ओढतेय, पण म्हणतेय काय, तर आज गेला, आज गेला, आज गेला, आणि पहिला अर्धा दिवस संपायच्या आतच भिंत रेघांनी भरून गेली. हे सांगताना बाई हवेत बोटाने रेघा मारायच्या, भरभर, आणि एकदम थांबायच्या. मागे बसलेल्या बायका पण गप्प व्हायच्या, ज्यांचे नवरे फौजेत होते त्या तर खासच, आमच्याकडे अशा घरांची कमी नाही. बाई म्हणायच्या, बघा, नायकाचं नाव नाही, रूप नाही, त्याच्याबद्दल एवढंच कळलं की तो गेलाय, आणि तिच्याबद्दल सगळं कळलं.

मग ज्ञानेश्वरांची विरहिणी. पलीकडे कावळा ओरडतोय, तो पाहुणा येणार असल्याचा शकुन, आणि ही त्याला म्हणते तुझे पाय सोन्याने मढवीन. येणारा पाहुणा विठ्ठल आहे, पण वाट बघायची तऱ्हा मात्र घरातल्या बाईची. मग बाई गाण्याच्या मंडळींकडे वळायच्या, तुमच्या बंदिशीत पण तेच ना, मोठ्या मिशांचे बुवा पिया घर न आए म्हणतात आणि ऐकणाऱ्याला त्यात काही विचित्र वाटत नाही, कारण प्रेम सांगायचं झालं की पुरुषालाही तिचाच आवाज उसना घ्यावा लागतो. आमचे तबल्यावाले काका यावर मान डोलवायचे. तांब्यांची नववधू पण तशीच, सासरच्या उंबऱ्यावर बावरलेली. ती माहेर सोडणारी मुलगी आहे आणि मरणाच्या दारात उभा असलेला जीवही आहे. हे मला बाईंनीच पहिल्यांदा सांगितलं, तोवर मी ते गाणं लग्नात म्हणायचं गाणं समजत होते.

पण माझ्या मनात जे रुतलंय ते १९६१ चं. त्या वर्षी मराठी साहित्य संमेलन ग्वाल्हेरला झालं, अध्यक्ष कुसुमावती देशपांडे, संमेलनाच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष. बाई तेव्हा सतरा वर्षांच्या, स्वयंसेविका, काम पाणी द्यायचं. त्यांना कुणीतरी कानात सांगितलं की ह्या कवी अनिलांच्या पत्नी, त्यांच्या ‘फुलवात’ या संग्रहातल्या प्रेमकविता वाचल्यास ना, त्यातली तीच ही. बाईंनी त्या वाचलेल्या होत्या. आणि आता ती ‘तू’ समोर उभी राहून साहित्यावर बोलत होती, स्वतःचं, स्वतःच्या अभ्यासाचं. कुसुमावती मोठ्या समीक्षक, कथाही लिहायच्या, नागपूरला इंग्रजी शिकवायच्या. बाई सांगतात, “मला भाषण सगळं कळलं नाही गं, सतरा वर्षांची पोर मी, पण हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला. कवितेतली बाई एवढं बोलते हे मी पहिल्यांदा बघितलं.” त्याच वर्षी नोव्हेंबरात कुसुमावती गेल्या. दोघांची लग्नाआधीची पत्रं पुढे ‘कुसुमानिल’ नावाने छापली गेली, त्यात तीही लिहिते, तोही लिहितो. बाईंकडची प्रत वाचून वाचून शिलाईतून सुटली आहे. हे सांगताना त्यांचा आवाज दरवर्षी त्याच जागी बसतो, आणि मी दरवर्षी रडते, अजूनही.

आता थोडं मनातलं. हॉलमध्ये आम्ही दीडशे खुर्च्या लावतो. बाई बोलतात तेव्हा साठ भरलेल्या असतात, आणि दूध आलं की अडीचशे माणसं कुठून येतात कळत नाही. पुण्याहून पाहुणा वक्ता आला त्या वर्षी दारापर्यंत माणसं उभी होती, आणि ते छान बोलले, नाही म्हणत नाही, पण आपल्या घरात एवढी शिकलेली बाई चाळीस वर्षं बोलतेय तिचं बोलणं चुकवून साडेदहाला नुसतं दुधाला यायचं, हे मला लागतं. सुनांना, मुलांना घेऊन या, मराठी कमी कळत असेल तरी आणा, भिंतीवरच्या रेघा कुणालाही कळतात.

गेल्या वर्षी बाई जास्त बोलल्या नाहीत, दम लागतो आता. तांब्यांची ‘मधु मागशी माझ्या सख्या परी’ एवढीच वाचली, बसूनच. मधाचे घट रिकामे झालेत, आता नैवेद्यापुरती दुधाची एक वाटी राहिलीय, रागावू नकोस, असं म्हणणारी कविता. वाचून पुस्तक मिटलं आणि बाहेरून दुधाचा वास आत आला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मग पहिला पेला मीच त्यांना नेऊन दिला.

नावं घेत नाही, एखादं सुटलं तर वर्षभर मनात राहतं, पण माणसं सांगतेच. दूध आटवायला चार वाजल्यापासून उभ्या राहणाऱ्या दोघी जावा, पिस्ते कापणाऱ्या आणि चारोळ्या निवडणाऱ्या दौलतगंजच्या मावशी, मोठं पातेलं दरवर्षी देणारे शेजारचे सिंधी काका, माइकवाले भैया जे लाइट गेली तेव्हा बॅटरी घ्यायला घरी पळत गेले, दऱ्या अंथरणारी आणि सकाळी झटकून घड्या घालणारी मुलं, हॉलचे चौकीदार आणि त्यांची बायको, कुल्हड आणून देणारा कंपू भागातला मुलगा, म्हाताऱ्या माणसांना गाडीतून घरोघरी सोडणारे जोशीकाकूंचे जावई (हे एक नाव निघालंच), पेटी, तबला, तानपुऱ्यावरची दहावीतली मुलगी, फोटो काढणारे, आणि चपला नीट लावून ठेवणारा तो छोटा, ज्याला आपण नेहमी विसरतो.

यंदा कार्यक्रम बरोबर आठला, दूध साडेदहाला. बाईंनी येते म्हटलंय. त्यांची खुर्ची पहिल्या रांगेत लावू नका, स्टेजच्या डाव्या बाजूला लावा, तिथे पंखा लागत नाही, आणि शाल घरी विसरल्या तर माझ्या पिशवीत एक जास्तीची आहे.