बॅज छातीवर, डोळे उघडे

कॅथलॅबमध्ये, म्हणजे क्ष-किरणांच्या साहाय्याने हृदयाच्या रक्तवाहिन्या तपासतात त्या विभागात, तंत्रज्ञ म्हणून 16 वर्षे काम केल्यानंतर, वयाच्या 43 व्या वर्षी, मला रात्री समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे फाकलेले दिसू लागले आणि भर उन्हात वर्तमानपत्राची अक्षरे पुसट होऊ लागली. चष्म्याचा नंबर तपासून घेतला. तो बदललेला नव्हता.

नेत्रतज्ज्ञांनी बाहुली मोठी करणारे थेंब घालून स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळ्याच्या सूक्ष्मदर्शकावर, तपासले आणि डाव्या डोळ्यातील भिंगाच्या मागच्या आवरणालगत, अगदी मध्यावर, मोतीबिंदू असल्याचे सांगितले. उन्हात बाहुली बारीक होते आणि प्रकाशाला त्या मधल्या डागातूनच जावे लागते, म्हणून उजेडात त्रास अधिक. मधुमेह आहे का, स्टिरॉइड घेतले होते का, हे त्यांनी खोदून विचारले, कारण या जातीचा मोतीबिंदू त्यांमुळेही होतो. दोन्हींना मी नाही म्हटल्यावर त्यांनी कामाची चौकशी केली.

भिंगाच्या कडेच्या पेशी आयुष्यभर विभागत असतात. किरणांनी बिघडलेल्या पेशींचे धड तंतू बनत नाहीत आणि त्या सरकत सरकत मागच्या मध्याशी जमतात. त्वचेच्या पेशींसारख्या त्या गळूनही पडत नाहीत. तरीही कागदावर त्यांनी किरणोत्सर्ग हे 'संभाव्य कारण' एवढेच लिहिले, कारण केवळ डाग पाहून खात्री देता येत नाही. हे मला पटले.

घरी टीएलडी बॅजचे, म्हणजे अंगावर पडलेल्या किरणांची मात्रा नोंदवणाऱ्या बिल्ल्याचे, सगळे तिमाही अहवाल काढून पाहिले. प्रत्येक आकडा मर्यादेच्या आत होता. पण बॅज छातीवर, शिशाच्या एप्रनच्या आत असतो, आणि रुग्णाच्या शरीरावरून विखुरलेले क्ष-किरण उघड्या डोळ्यांवर येतात. त्यांची नोंद कुठेच नव्हती. आमच्याकडे शिशाचा चष्मा एकच होता आणि तो डॉक्टर वापरत. आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाने 2011 मध्येच भिंगासाठीची शिफारस वर्षाला 150 मिलिसिव्हर्टवरून (किरणांच्या मात्रेचे एकक) पाच वर्षांच्या सरासरीने 20 वर आणली होती, हे मला आजारानंतर समजले.

शस्त्रक्रिया पंधरा-वीस मिनिटांत आटोपली, थेंब मात्र महिनाभर चालले. कामावर परतताना मी स्वतःसाठी शिशाचा चष्मा आणि गळ्यापाशी, एप्रनच्या बाहेर लावण्यासाठी दुसरा बॅज लेखी अर्ज करून मागितला. चष्मा जड आहे आणि घामाने नाकावरून घसरतो. उजव्या भिंगातही एक बारीक डाग आहे. दर सहा महिन्यांनी त्याचे छायाचित्र घेऊन मागच्याशी ताडून पाहतात.